कॅप्टनची बेल

स्वयंपाकघरात, गॅसवरच्या फळीखाली एक पांढरी बेल चिकटवलेली होती. ती वाजली की टेलरबाईचा पायडलवरचा पाय आपोआप थांबायचा आणि तोंडातून एक शब्द निसटायचा. तो शब्द इथे लिहिण्यासारखा नाही. बेलचं बटण होतं घराच्या दुसऱ्या टोकाला, लेकीच्या खोलीत, पलंगाच्या उशाशी. ते दाबणारं बोट कॅप्टनचं.

कॅप्टन म्हणजे तिचे यजमान. कॅप्टन ते कधीच नव्हते. मोठमोठ्या प्रवासी जहाजांवर केबिन आवरण्याचं काम त्यांनी जन्मभर केलं. लोकांचे पलंग घातले, संडास घासले, टॉवेल बदलले. त्यात कमीपणा काहीच नव्हता. गल्लीनं थट्टेनं कॅप्टन म्हणायला सुरुवात केली आणि यांनी ती थट्टा बढती समजून घेतली. निवृत्त होऊन घरी आले, लेकीचं लग्न होऊन तिची खोली रिकामी झाली, आणि पंधरवड्याच्या आत इलेक्ट्रिशियन बोलावून यांनी बेल बसवून घेतली.

"एकदा वाजली तर चहा," त्यांनी समजावून सांगितलं. "दोनदा वाजली तर तक्रार."

"कसली तक्रार?"

"चहा गार आहे, साखर कमी आहे, काहीही. म्हणजे ओरडायला नको. सर्व्हिसमध्ये आवाज चढवायचा नसतो."

टेलरबाईनं तेव्हाच ती बेल उपटून त्यांच्या हातात द्यायला हवी होती. दिली नाही. ती म्हणाली, "बरं." या एका 'बरं'पायी तिनं पुढे फार दिवस हाल भोगले.

टेलरबाई हे तिचं नाव नव्हे, पण अख्ख्या रस्त्यावर तिला दुसऱ्या कुठल्या नावानं ओळखत नाहीत. पॅन्टची लांबी कमी करायची असो, बॅगेची चेन बदलायची असो, शाळेचे गणवेश असोत, सगळे तिच्याकडे येतात. तिचं मशीन स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, फ्रिज आणि खिडकी नसलेली भिंत यांच्यामध्ये. डोक्यावर ट्यूबलाइट, आणि तीही अशी की जिवावर आल्यासारखी पेटते. सुईत दोरा ओवताना तिला हल्ली तीन-तीनदा चष्मा पुसावा लागे. कापड कापायचं तर पुढच्या खोलीतल्या फरशीवर गुडघे टेकून, आणि मध्येच कुणी पाहुणा आला की सगळं गुंडाळून.

लेकीच्या खोलीला मात्र खिडकी होती. सकाळपासून दुपारपर्यंत असा लख्ख उजेड यायचा की काळ्या कापडावर काळी शिलाई दिसावी. लेक सासरी जाताना म्हणाली होती, "आई, आता मशीन या खोलीत हलव. शप्पथ घे." आईनं शपथ घेतली. मग बेल आली, आणि खोलीची झाली केबिन.

आता नेमकी त्याच खोलीची तिला गरज पडली होती. जवळच्या हॉस्पिटलच्या मेट्रननं तिला बोलावून विचारलं होतं, की आमचे सगळे गाऊन, चादरी, पडदे तुम्ही शिवाल का? वर्षभराचं काम. अट एकच, कापायला मोठं टेबल हवं आणि जागा स्वच्छ, उजेडाची हवी. मेट्रन स्वतः येऊन बघणार होती. टेलरबाईनं आयुष्यात कधी एवढं मोठं काम हातात घेतलं नव्हतं. घरी येताना ती रस्त्यात दोनदा स्वतःशीच हसली. घरी आल्यावर तिनं विषय काढला.

कॅप्टन पलंगावर पाय पसरून बसले होते. "आणि मी कुठं झोपू?"

"आपली झोपायची खोली आहे की. कायम तिथंच तर झोपत होता."

"कायम म्हणजे काय? रजेवर आलो की."

"तेच म्हणतेय."

"तिथं पलंग आणि कपाट यांच्यामधून आडवं होऊन जावं लागतं. शेवटच्या कंपनीत आतल्या केबिनसुद्धा याहून बऱ्या होत्या. हे बघ, माझ्याच्यानं नाही होणार. त्या मेट्रनला नाही म्हणून सांग. या वयात कशाला उसाभर?" आणि वर, "चहा टाकतेस ना?"

असा हा मामला. खोली कुणाची, एवढाच प्रश्न होता. पण त्याची मुळं फार मागे गेलेली होती, आणि खरं सांगायचं तर त्यांना पहिलं पाणी टेलरबाईनंच घातलेलं होतं.

कॅप्टन वर्षातले दहा महिने पाण्यावर असत आणि दोन महिने घरी. पहिल्या रजेवर आले तेव्हा हातांची सालं निघालेली. साफसफाईच्या औषधांनी बोटं चिरलेली. नवी नवरी होती ती, तिला भडभडून आलं. ती म्हणाली, "तिथं लोकांचं करता, इथं काडीचंही काम करायचं नाही." बस्स. हीच ती चूक. ताट हातात, पाणी हातात, टॉवेल हातात. दोन महिने पाहुणचार, मग दहा महिने एकटीनं घर. भाडं, दवाखाना, शाळा, गळका नळ, सासऱ्यांचं आजारपण, सगळं. पुन्हा दोन महिने पाहुणचार. नवऱ्याला यजमान म्हणायची पद्धत कुणी काढली कोण जाणे. या घरात यजमान ती होती आणि नवरा पाहुणा.

लेक लहान असताना बापाच्या मागे लागायची. जहाजावर टॉवेलचे हत्ती, माकडं, हंस करून पलंगावर ठेवतात हे तिनं कुठल्याशा मासिकात पाहिलं होतं. "बाबा, मला हत्ती करून दाखवा ना." बाबा म्हणायचे, "मी सुट्टीवर आहे." पोरीनं दरवर्षी विचारलं, आणि मग एका वर्षी विचारलं नाही. टेलरबाईनं तेव्हाही बाजू घेतली ती नवऱ्याचीच. दमून आलेत गं ते, त्यांच्या हातात आता जीव नाही.

पाहुणा दोन महिन्यांचा असला की बरा वाटतो. हा पाहुणा निवृत्त होऊन आला तो कायमचा.

त्यात भर पडली ट्रॅव्हलवाल्याची. कोपऱ्यावर त्याचं ऑफिस होतं, हल्ली लोक क्रूझला फार जायला लागले होते, आणि या पठ्ठ्यानं स्वतः जहाज फक्त कॅलेंडरवर पाहिलेलं. गिऱ्हाईकानं कुठली कंपनी, कुठली केबिन असं विचारलं की हा सरळ कॅप्टनकडे पाठवायचा. मग लेकीच्या खोलीत दरबार भरायचा. एखादं जोडपं अवघडून खुर्च्यांवर बसलेलं, पलंगावर कॅप्टन, आणि स्वयंपाकघरात बेल.

कॅप्टन बोलायचे मात्र छान, हे शत्रूनंही कबूल करावं. तीन कंपन्यांत काम केलेलं, तिन्हींची कुंडली तोंडपाठ.

"पहिली कंपनी जुन्या वळणाची," ते सांगत. "केबिन लहान, पण कपाटं खोल. पलंगाखाली तुमच्या चारही बॅगा जातील. दिवसातून दोनदा माणूस खोलीत येणार, सकाळी आवरायला आणि संध्याकाळी पलंग झोपायला तयार करून उशीवर चॉकलेट ठेवायला. मधली कंपनी दिखाऊ. बाल्कनी एवढी मोठी की हरखून जाल, पण बाथरूम असं की आंघोळ करताना पडदा अंगाला चिकटतो. तिथं साबण पडला तर तो उचलायला दार उघडावं लागतं. आणि शेवटची कंपनी म्हणजे सगळं चकाचक, पलंगाच्या दोन्ही बाजूंना चार्जिंग, दिवे बोटानं मंद होतात. पण एका माणसावर केबिन दुप्पट. टॉवेल पातळ. तुम्हाला सकाळी सर्व्हिस हवी की संध्याकाळी, ते आधीच विचारतात. दोन्ही नाही मिळत."

"मग घ्यायची कुठली?" जोडपं विचारी.

"खिडकीची घेणार असाल तर खिडकीसमोर लाइफबोट नाही ना ते विचारा. नाहीतर सात दिवस नारिंगी भिंत बघत बसाल. डान्सच्या हॉलखाली घेऊ नका. पोट नाजूक असेल तर खालच्या मजल्यावर, अगदी मधली घ्या. आणि लक्षात ठेवा, केबिन कितीही मोठी असली तरी तुमचा स्टुअर्ड, म्हणजे केबिन आवरणारा माणूस, कसा आहे त्यावर सगळं असतं." इथे ते थोडे थांबत. "मधल्या कंपनीत माझ्याकडे एक म्हातारी होती. तिला दोन उशा कडक, एक मऊ, पाण्यात लिंबाची एकच फोड. चार वर्षांनी ती पुन्हा आली. मी न विचारता तसंच ठेवलं. रडली हो बाई."

जोडप्यातल्या बाईचे डोळे हमखास ओलावायचे. टेलरबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी असायची, तिचे डोळे ओलावायचे नाहीत. अंगाचा तिळपापड व्हायचा.

आणखी एक गोष्ट कॅप्टन प्रत्येकाला सांगत. केबिनच्या दाराला अडकवायची पाटी असते, एका बाजूला हिरवी, 'खोली आवरा', दुसऱ्या बाजूला लाल, 'त्रास देऊ नका'. "लाल पाटी दिसली की स्टुअर्डनं दारावर टकटक करायची नाही. हाक मारायची नाही. काही दिलंच तर दाराबाहेर ठेवायचं आणि निघून जायचं. एका नव्या पोऱ्यानं लाल पाटीवर टकटक केली, पुढच्याच बंदरावर घरी. माझ्या हातून एवढ्या वर्षांत एकदाही झालं नाही. आताही होणार नाही. झोपेतसुद्धा माझा हात वळणार नाही."

टेलरबाईनं हे इतक्यांदा ऐकलं होतं की 'झोपेतसुद्धा' या शब्दापाशी ती मनातल्या मनात त्यांच्याबरोबर बोलायची.

मेट्रनला उत्तर द्यायची वेळ जवळ येत चालली होती. अशात ट्रॅव्हलवाला पेढे... छे, पेढे कुठले, नुसतं हसू घेऊन आला. कॅप्टननी पाठवलेली गिऱ्हाइकं बुक झाल्यामुळे कंपनीनं त्याला एक केबिन फुकट दिली होती, छोटीशी फेरी. "मला पाणी बाधतं," तो म्हणाला. "तुम्ही दोघं जाऊन या. वहिनींनी कुठं पाहिलंय जहाज?"

तिनं खरंच पाहिलं नव्हतं. जाताना तिनं मनाशी ठरवलं, तिथं निवांतपणे पुन्हा बोलायचं. माणूस आपल्या जागी गेला की जरा मऊ होतो. खुळी आशा, पण होती.

जहाज मोठं होतं. एवढं मोठं की ते जहाज आहे हे विसरायला व्हावं. त्यांची केबिन आतली, बिनखिडकीची, दोन पलंग जोडून एक केलेला. टेलरबाईला ती फार आवडली. पांढरीशुभ्र चादर, एक सुरकुती नाही, आणि ती घालायला तिला वाकावं लागलेलं नाही. ती पलंगाच्या काठावर बसली आणि तशीच बसून राहिली.

कॅप्टन बसले नाहीत. त्यांनी आरशाच्या वरून उलटं बोट फिरवलं. दाराच्या चौकटीवरून फिरवलं. वाकून पलंगाखाली पाहिलं. संडासात जाऊन पाणी सोडून ऐकलं. मग कोपऱ्यावरची चादर ओढून काढली.

"कोपरा बघ. हा काय कोपरा झाला? पहिल्या कंपनीत असा कोपरा ठेवला असता तर पुन्हा घालायला लावला असता."

"राहू द्या ना. छान आहे की."

"तुला काय कळतंय?"

त्यांनी फोन करून स्टुअर्डला बोलावलं. पन्नाशीकडे झुकलेला, टक्कल पडलेला, पायानं किंचित लंगडणारा माणूस आला. कॅप्टननी त्याला कोपरा पुन्हा घालायला लावला, उशा बदलायला लावल्या, आणि त्याचं सगळं होईपर्यंत कमरेवर हात ठेवून उभे राहिले. तो माणूस "हो सर, लगेच सर" म्हणत राहिला. टेलरबाईला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, पण जहाजावर जमीन कुठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच स्टुअर्ड ट्रॉली घेऊन आला. कॅप्टन पुन्हा तयार होते, आरशावर उलटं बोट फिरवत. तो माणूस ते बोट बघत राहिला. मग ट्रॉली सोडून म्हणाला, "दादा? मधल्या डेकवरचे दादा ना तुम्ही? असं उलट्या बोटानं दुसरं कुणी नाही बघत."

कॅप्टननी डोळे बारीक केले. "तू? आपल्या डेकवरचा? आणि हा पाय लंगडा कधी झाला?"

"लंगडा तेव्हा नव्हतो. केस होते तेव्हा."

आणि मग जे झालं ते टेलरबाईनं तोंडाचा आ वासून पाहिलं. कॅप्टननी त्याला मिठी मारली. खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. "पाय दुखतोय ना? बस. बस म्हणतो ना. अजून किती केबिन राहिल्यात? ही मी करतो." आणि त्यांनी बाह्या वर सारल्या. चादर हवेत उडाली आणि बरोबर मधोमध उतरली. चार कोपरे चार झटक्यांत, असे घट्ट की नाणं टाकलं तर उसळावं. उशा थोपटल्या, बाथरूम पुसलं, नळ कोरडा केला, सगळं शीळ घालत. तोंडावर असं समाधान, की ते तिनं लग्नाच्या फोटोतही पाहिलं नव्हतं. शेवटी दोन टॉवेल घेतले, गुंडाळले, दुमडले, आणि पलंगावर हत्ती उभा राहिला. सोंड वर केलेला.

"जमतंय अजून!" स्टुअर्ड टाळी वाजवत म्हणाला.

टेलरबाई हत्तीकडे बघत होती.

कॅप्टन ट्रॉली घेऊन शेजारच्या केबिनला गेले, मित्राला आराम म्हणून. स्टुअर्ड खुर्चीत संकोचून बसला होता. "वहिनी, तुम्ही नशीबवान आहात हं," तो म्हणाला. "असा माणूस नाही पाहिला. आमची खोली अगदी खाली, पाण्याच्या पातळीखाली. मला ताप भरला होता, डॉक्टर म्हणाला उठायचं नाही. दादा स्वतःचं काम करून माझ्या केबिन करायचे. मग खाली येऊन मऊ भात भरवायचे मला. चमच्यानं. माझे कपडे धुतले हो, घाण झालेले. आणि चहा! सगळ्यांच्या आधी उठून खालच्या सगळ्या लोकांना चहा करायचे. कुणाला किती साखर, कुणाला आलं, कुणाला बिनदुधाचा, सगळं पाठ. मी मनात म्हणायचो, हे बाहेरच्यांचं एवढं करतात तर घरच्यांचं किती करत असतील."

तो भला माणूस होता. त्यानं मनापासून स्तुती केली, आणि त्यातला एकेक शब्द टेलरबाईच्या वर्मी बसला.

कारण इतकी वर्षं तिनं नवऱ्याला माफ केलं होतं ते एकाच समजुतीवर. त्यांना येत नाही, त्यांच्या लक्षात येत नाही, ते दमलेत, पुरुष असेच. एका रजेत तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं. टाके ओले होते. हे दारात येऊन म्हणाले होते, "उठशील ना दुपारपर्यंत? चहाचं काय करायचं?" तिनं भिंतीला धरत धरत उठून चहा केला होता. तेव्हाही तिनं स्वतःला समजावलं, बिचाऱ्यांना आजारी माणसाजवळ कसं वागायचं ते कळत नाही. आणि त्यांना सगळं कळत होतं! मऊ भात कळत होता, चमचा कळत होता, कपडे धुणं कळत होतं. ते येत होतं, फक्त तिच्यासाठी करायचं नव्हतं. तिला आयुष्यात इतका राग कधीच आला नव्हता.

कॅप्टन परत आले, घामेजलेले आणि खूश. स्टुअर्ड आभार मानून गेला. तिनं दार लावलं.

"त्याला भात भरवला होतात?"

"कुणाला? हां, तेव्हा. मरणार होता तो."

"त्याचे कपडे धुतलेत?"

"मग कोण धुणार? तिथं कुणाचं कोण असतं?"

"माझं इथं कोण होतं?"

"आता हे काय काढलंस मध्येच?"

"माझे टाके ओले होते तेव्हा तुम्ही मला चहा करायला उठवलंत."

कॅप्टन गडबडले. क्षणभर त्यांनी खरोखरच आठवायचा प्रयत्न केला असावा. मग त्यांना उत्तर सापडलं, आणि ते त्यांनी अगदी सरळ मनानं दिलं, हेच त्यातलं भयंकर. "अगं, तिथं मी ड्युटीवर होतो. घरी कोण ड्युटी करतं?"

"मी," टेलरबाई म्हणाली.

ते हसले. त्यांना वाटलं, तिनं विनोद केला. "बरं, त्या खोलीचं म्हणशील तर तो विषय आता बंद. इथं आल्यावर कळलं मला. माणसाला आपली एक केबिन हवीच."

"हो," ती म्हणाली. "हवीच."

उतरायच्या दिवशी बॅगा घेऊन कॅप्टन पुढे निघाले. टेलरबाई दारात मागे राहिली. तिनं दाराच्या मुठीवरची पाटी काढली आणि पर्समध्ये टाकली. जन्मात कुणाची टाचणी न उचललेली बाई ती. पण पर्सची चेन तिनं शांतपणे लावली.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी कॅप्टन ट्रॅव्हलवाल्याकडे गेले. चौथ्या कंपनीचा हिशेब द्यायचा होता, केबिन कशी, कोपरे कसे, सर्व्हिस कशी. असा दरबार लवकर उठत नाही हे तिला माहीत होतं. तिनं समोरच्या सुताराला हाक मारली. लेकीच्या खोलीतली गादी निघाली आणि झोपायच्या खोलीतल्या पलंगावर गेली. कॅप्टनचे कपडे, चष्मा, तीन कंपन्यांचे तीन कॅप, सगळं नीट घडी करून तिथंच ठेवलं. ती कुणाचं सामान फेकणारी बाई नव्हे. रिकाम्या पलंगावर सुतारानं फळ्या टाकल्या, वर जाड कापड ताणून खिळे मारले, आणि कापायचं टेबल तयार झालं. भिंतीपासून भिंतीपर्यंत. मशीन आलं ते खिडकीपाशी. ते सरकताना फरशीवर ओरखडा उठला, आणि तिला तो ओरखडा फार आवडला.

मग तिनं मेट्रनला फोन केला. "जागा झाली. या बघायला."

शेवटी तिनं दाराच्या मुठीला पाटी अडकवली, लाल बाजू बाहेर. दार आतून लोटलं. कडी लावली नाही. कडीची गरज आहे की नाही, तेच तर बघायचं होतं. मशीनवर बसून तिनं सुईत दोरा ओवला, पहिल्या झटक्यात.

कॅप्टन आले. पुढच्या दाराचा आवाज, चपला, मग बोळात पावलं. पावलं लेकीच्या खोलीशी आली आणि थांबली.

टेलरबाईनं मशीन थांबवलं.

बाहेर काहीच आवाज नव्हता. टकटक नाही, हाक नाही. दाराखालच्या फटीत दोन पायांच्या सावल्या तेवढ्या दिसत होत्या. एक सावली जरा मागे सरली, पुन्हा पुढे आली. एकदा घसा खाकरल्याचा आवाज आला आणि लगेच दाबला गेला. स्वतःच्या घरात, स्वतःच्या बायकोच्या दारासमोर, नुसतं ढकललं असतं तर उघडणाऱ्या दारासमोर तो माणूस उभा होता, आणि त्याचा हात वर जात नव्हता. झोपेतसुद्धा जाणार नव्हता. टेलरबाईला हसू आलं, पण ते हसू गोड नव्हतं. एवढी शिस्त! एका पाटीला एवढा मान! बायकोला त्यातला चिमूटभर मिळाला असता तर ही पाटी चोरावी लागली नसती.

पावलं परत फिरली.

उशाशी असलेलं बटण आता टेबलाच्या कडेला, तिच्या उजव्या हाताशी आलं होतं. तिनं ते एकदा दाबलं.

स्वयंपाकघरात बेल वाजली. तिनं ती आजवर जवळून ऐकली होती, लांबून कधी ऐकली नव्हती. लांबून बराच मंजूळ आवाज होता. मग बराच वेळ काहीच नाही. मग भांड्याचा आवाज. गॅसचा आवाज. कपाटाची तीन दारं उघडून बंद झाल्याचा आवाज, कारण या घरात चहापत्ती कुठं असते हे त्यांना माहीत नव्हतं.

तिनं हातातलं कापड खाली ठेवलं आणि कान दाराकडे लावले. आपण अजूनही काहीतरी अपेक्षा करतोय हे तिच्या लक्षात आलं, आणि त्याचाही तिला राग आला.

पावलं आली. दाराबाहेर काहीतरी हलकेच टेकवलं गेलं. पावलं निघून गेली, नियमाप्रमाणे.

तिनं दार उघडलं. ट्रेवर शुभ्र नॅपकिन, त्याचा केलेला हंस, मान डौलदार. कपाचा कान बरोबर उजव्या हाताला येईल असा. कपावर बशी झाकलेली, चमचा तिरका, बशीवर एक थेंब सांडलेला नाही. पहिल्या कंपनीतल्या उत्तमोत्तम केबिनमध्ये असा ट्रे गेला नसेल. तिच्या आयुष्यात तिच्यासाठी कुणी इतकं नीट काही मांडलं नव्हतं. ती ट्रे आत घेऊन आली, टेबलावर ठेवला, उजेडात बसली आणि एक घोट घेतला.

चहात दोन चमचे साखर होती. त्यांच्या मापाची.

मधुमेह निघाल्यापासून टेलरबाई बिनसाखरेचा चहा पीत होती. लेक कॉलेजात जायच्याही आधीपासून. ते घरी असले की रोज दोन वेळा, त्यांच्यासमोर बसून, वेगळ्या कपातून. त्या म्हातारीची लिंबाची फोड त्यांना पाठ होती.

तिनं कप खाली ठेवला. हंसाची घडी मोडून त्या नॅपकिननं तोंड पुसलं. मग हात लांब करून बेल दोनदा वाजवली.